अळीला ना-हरकत

नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या सोसायटीत जा, इंदिरानगरच्या जा, नाहीतर पाथर्डी फाट्याच्या नव्याकोऱ्या टॉवरात जा. बाग एकच असते. मधोमध मेक्सिकन लॉन, कडेने गुडघ्याच्या उंचीवर छाटलेला पिवळा ड्युरांटा, चार कोपऱ्यांत चार फॉक्सटेल पाम आणि ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी. पाटी लिहिलेली असते लहान मुलांसाठी, पण तिचं काटेकोर पालन करतात ती फुलपाखरं. ती तिकडे फिरकतच नाहीत.

सप्टेंबर उजाडला की सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा हंगाम सुरू होतो, कारण कायद्याने त्या ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असतात. पार्किंग, टँकर, लिफ्टचं वार्षिक कंत्राट आणि थकबाकीदारांची यादी यांवर दीड तास खर्ची पडला की ‘आयत्या वेळचे विषय’ येतात. त्यात मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून आलेले एखादे काका उठून उभे राहतात. ‘तिकडे…’ हा त्यांचा पहिला शब्द ऐकूनच निम्मी सभा घड्याळाकडे बघते. पण या वेळी काकांचा मुद्दा रस्त्यांचा नसतो, शिस्तीचाही नसतो. तिकडे म्हणे लोक मोनार्क फुलपाखरांसाठी कॉलन्यांमध्ये मुद्दाम झाडं लावतात, वर पाटीही लावतात. मग आपण का नाही?

काका सांगतात ते खरं आहे. मोनार्क म्हणजे नारिंगी पंखांवर ठळक काळ्या शिरा असलेलं फुलपाखरू. थंडी पडू लागली की ते कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातून निघतं, चार हजार किलोमीटरपर्यंत उडतं आणि मध्य मेक्सिकोतल्या डोंगरांवर ओयामेल फर नावाच्या झाडांना लगडून हिवाळा काढतं. त्यांचा हा मुक्काम शास्त्रज्ञांना सापडला १९७५ च्या जानेवारीत. तिथल्या गावकऱ्यांना तो आधीपासून ठाऊक होता, पण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मोनार्कची अळी मिल्कवीड कुळातली पानं सोडून दुसरं काही खात नाही. शेतांत तणनाशकं आली, मिल्कवीड गेलं, पाठोपाठ मोनार्कही घटले. म्हणून कॅन्सस विद्यापीठातल्या ‘मोनार्क वॉच’ने २००५ पासून लोकांना सांगायला सुरुवात केली की शाळा, ग्रंथालय, चर्चचं अंगण, घरामागचं परसू, जिथे जमेल तिथे मिल्कवीड लावा आणि आमच्याकडे नोंदवा. २०२२ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने स्थलांतर करणाऱ्या मोनार्कला ‘संकटग्रस्त’ ठरवलं आणि पुढच्याच वर्षी आकडेमोड पुन्हा तपासून त्याला एक पायरी खाली आणलं. हिशेब तपासनीस सगळीकडेच असतात.

तिकडेही सोसायट्या आहेत, त्यामुळे तिकडेही भांडणं आहेत. मेरीलँड राज्यातल्या कोलंबिया नावाच्या वसाहतीत एका जोडप्याने घरापुढचं लॉन काढून देशी फुलझाडं लावली. त्यांवर मधमाश्या आल्या, फुलपाखरं आली आणि यथावकाश शेजाऱ्याची तक्रारही आली. वसाहतीच्या संघटनेने वकिलाकरवी पत्र धाडलं की झाडं उपटा आणि पूर्ववत गवत लावा. जोडपं हटलं नाही, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी २०२१ मध्ये राज्याने कायदाच केला की परागीभवनाला मदत करणाऱ्या अशा बागांवर वसाहतींच्या संघटनांना बंदी घालता येणार नाही. ही हकीकत सभेत सांगितली की सभासद माना डोलावतात. सेक्रेटरी मात्र गप्प होतात, कारण एवढ्या मोठ्या गोष्टीतला ‘वकील’ हा एकच शब्द त्यांच्या कानात राहिलेला असतो.

आता काकांसाठी वाईट बातमी अशी की मोनार्क नाशिकला येत नाही. ‘थेट अमेरिकेहून आलेला पाहुणा’ म्हणून ग्रुपवर जो फोटो फिरतो, तो बहुतेक वेळा आपल्याच स्ट्राइप्ड टायगरचा नाहीतर प्लेन टायगरचा असतो. चांगली बातमी अशी की हे दोघे मोनार्कचे सख्खे भाऊबंद आहेत. तिघांचं आडनाव एकच, ‘डॅनॉस’. प्लेन टायगर आणि मोनार्क यांना तर लिनिअसने १७५८ साली एकाच ग्रंथात नावं दिली. त्यातला प्लेन टायगर, म्हणजे आपला बिबळ्या कडवा, मानमरातबात मोनार्कला मुळीच हार जाणार नाही. इजिप्तमध्ये सुमारे ३३०० वर्षांपूर्वी नेबामुन नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात शिकारीचं जे प्रसिद्ध चित्र रंगवलं गेलं, त्यात पाणपक्ष्यांच्या गर्दीत हे फुलपाखरू नीट ओळखू येतं. नाशिकमध्ये मात्र त्याची नोंद ‘ते केशरी, नेहमीचं’ एवढीच होते.

या नेहमीच्या फुलपाखराची अळीही मिल्कवीडच्याच कुळातलं खाते. त्या कुळाचा आपल्याकडचा प्रतिनिधी नर्सरीत विकत मिळत नाही आणि फुकट दिला तरी कोणी घेत नाही. तो सोसायटीच्या भिंतीबाहेर, ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी, बांधकामाच्या उरलेल्या वाळूच्या ढिगावर आपला आपण उगवतो.

तो म्हणजे रुई.

रुईची आपल्याकडे जेवढी आब राखली जाते, तेवढी क्वचितच एखाद्या झुडपाच्या वाट्याला येत असेल. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते. रथसप्तमीच्या स्नानाला अर्कपत्रं लागतात, आणि अर्क म्हणजे हीच. पांढऱ्या फुलाचा मांदार असेल तर त्याच्या मुळात गणपती असतो अशी श्रद्धा. गुडघा सुजला की आजी तेल लावून शेकलेलं पान बांधते. आणि तिसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्या पुरुषाने आधी रुईशी लग्न लावावं, म्हणजे अरिष्ट टळतं, अशी अर्कविवाहाची रीतही सांगितलेली आहे. अरिष्ट नेमकं कोणावरचं, हा प्रश्न रुईला कोणी विचारलेला दिसत नाही.

नाशिकला तर हे नातं आणखी जवळचं. समर्थ रामदासांनी तपश्चर्या केली ती टाकळीला; तिथला गोमय मारुती हा त्यांच्या हातचा पहिला मारुती मानतात. त्र्यंबकच्या रस्त्यावरची अंजनेरी हे मारुतीचं जन्मस्थान, ही नाशिककरांची ठाम समजूत. त्यावरून २०२२ च्या मे अखेरीस नाशिकरोडला भरलेला शास्त्रार्थ हमरीतुमरीवर आला होता. मारुतीला रुई चालते, याबाबत मात्र दोन्ही पक्षांचं एकमत असावं. गंमत अशी की याच अंजनेरीच्या कड्यांवर रुईच्याच कुळातलं एक नाजूक कंदिलपुष्प सापडतं. वनस्पतिशास्त्रज्ञांनी २००६ साली त्याची नवी जात म्हणून नोंद केली आणि नाव दिलं ‘सेरोपेजिया अंजनेरिका’. बाकी जगात ते शोधायला जाऊ नये. म्हणजे देव, डोंगर आणि कूळ असं सगळं जुळलेलं आहे. अडलंय ते सोसायटीच्या बागकामाच्या कंत्राटात.

त्या कंत्राटात ‘तण काढणे’ असं एक कलम असतं आणि रुई त्यात बसते. माळी महिन्यातून एकदा कोयता घेऊन भिंतीच्या कडेने फिरतो आणि ती बुडापासून उडवतो. त्याच सोसायटीतले सभासद शनिवारी देवळाबाहेर पैसे मोजून रुईची माळ घेतात. ती माळ करणाऱ्या बाईने पानं कुठून तोडली असतील याचा विचार केला, तर बहुधा शेजारच्या सोसायटीच्या भिंतीबाहेरून, माळी पोहोचायच्या आधी.

ज्या रुईवर अजून कोयता पडलेला नाही, तिचं एखादं पान पावसाळा सरताना उलटं करून बघावं. खालच्या अंगाला मिलिमीटरभर उंचीचं, पांढरट, उभ्या रेघांचं एकच अंडं चिकटवलेलं दिसतं. मादी एका पानावर सहसा एकच घालते. ढीग घालून मोकळं होणं तिच्या स्वभावात नाही. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि पुढचे दोन आठवडे खाण्यापलीकडे काही करत नाही. अंगावर काळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्या, त्यांत पिवळे ठिपके आणि पाठीवर काळ्या मऊ तंतूंच्या तीन जोड्या. मोनार्कच्या अळीला दोनच असतात, हे काकांना आवर्जून सांगावं.

रुईचं पान खाणं हे सोपं काम नाही. जरा ओरखडा उठला की त्यातून पांढरा चीक भळभळतो आणि लहान अळीचं तोंड त्यात चिकटूनही जाऊ शकतं. म्हणून मोठी झालेली अळी आधी पानाच्या मधल्या शिरेला चावा घेते. चीक तिथेच गळून जातो, शिरेपलीकडचं पान मलूल होऊन खाली लोंबतं, मग बाईसाहेब पुढे सरकून तो कोरडा भाग निवांत फस्त करतात. मुख्य कॉक बंद करून मगच नळाला हात घालायचा, हे सोसायटीच्या प्लंबरला अजून जमलेलं नाही.

चिकातलं विष ती पचवते असंही नाही. ती ते साठवते. हृदयावर परिणाम करणारी ही द्रव्यं अळीच्या अंगातून कोशात आणि कोशातून फुलपाखरात उतरतात. लिंकन ब्रॉवर या शास्त्रज्ञाने पिंजऱ्यात वाढवलेल्या ब्लू जे पक्ष्यांना मिल्कवीडवर पोसलेले मोनार्क खायला घातले. पक्ष्यांनी ते खाल्ले आणि थोड्या वेळाने ओकून टाकले. त्या ओकाऱ्यांचे फोटो १९६९ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये छापून आले आणि कीटकशास्त्रात अजरामर झाले. एकदा धडा घेतलेला पक्षी पुन्हा त्या नारिंगी रंगाच्या वाटेला जात नाही. म्हणून प्लेन टायगर असं आरामात, दोन वेळा पंख हलवत तरंगत जातं. हे पाहून डॅनॅड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराच्या मादीने हुबेहूब तोच पेहराव उचलला आहे. अंगात विष नाही, पण थाट तोच. असे सभासदही प्रत्येक सोसायटीत दोन-तीन असतात.

खाऊन गलेलठ्ठ झालेली अळी मग उलटी लटकते आणि कातडी टाकून कोश होते. कोश हिरवा, क्वचित गुलाबीसर, आणि त्यावर सोनेरी ठिपके. सराफ बाजारातला कारागीर इतका बारीक दाणा घडवायला मजुरी वेगळी लावेल. अंड्यापासून पंखांपर्यंतचा सगळा खेळ साधारण महिनाभरात संपतो. तेवढ्यात फस्त झालेल्या रुईला पुन्हा पानं फुटतात, कारण रुईला मारणं अळीच्या आवाक्यातलं नाही. ते काम माळ्याचं.

खरी अडचण आहे ती अळीपाशीच. फुलपाखराला कोणाचीच हरकत नसते. बालवाडीच्या भिंतीवर ते असतं, साडीच्या काठावर असतं, सोसायटीच्या नावातसुद्धा ‘बटरफ्लाय’ घालून बिल्डर चौरस फुटाला भाव वाढवून घेतो. पण बागेत अळी दिसली की ग्रुपवर लाल बाणांसह फोटो येतो, खाली ‘लहान मुलं खेळतात हो तिथे’ असा मजकूर आणि त्याखाली सात जणांचे अंगठे. संध्याकाळपर्यंत पेस्ट कंट्रोलवाला पाठीवर पंप लावून हजर होतो. वास्तविक अंगाला खाज उठवणाऱ्या केसाळ अळ्या बहुतेक पतंगांच्या असतात. प्लेन टायगरची अळी गुळगुळीत असते. ती चावत नाही, टोचत नाही, मेंटेनन्सही थकवत नाही.

हाच तमाशा कढीपत्त्यावरही होतो. तळमजल्यावरच्या काकूंनी लावलेल्या कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसते. काकू ती झटकायला जातात आणि विष्ठा चालू लागते. ती कॉमन मॉर्मन फुलपाखराची लहान अळी असते; कोणी खाऊ नये म्हणून तिने हे रूप घेतलेलं असतं. मोठी झाली की ती हिरवीगार होते आणि बोट लावलं तर डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. एवढं बघितल्यावर काकूंची फोडणी कढीपत्त्याविना होते खरी, पण पुढच्या वर्षी मुलांना ती अळी दाखवायला बोलावणाऱ्याही त्याच असतात.

सोसायटीच्या नकळत तिने पोसलेली फुलपाखरं याहून बरीच आहेत. भिंतीला लागून सरळसोट वाढणारा, ज्याला सगळे अशोक म्हणतात तो खोटा अशोक, टेल्ड जेचं पाळणाघर असतो. कण्हेरीच्या पानाखाली कॉमन क्रोचा आरशासारखा चकाकणारा कोश लटकतो. कृष्णकमळाची वेल एका आठवड्यात उघडीबोडकी झाली तर तो टॉनी कोस्टरच्या अळ्यांचा पराक्रम समजावा. बहाव्यावर एमिग्रंट, आंब्यावर बॅरन, लिंबावर लाइम बटरफ्लाय. आंब्यावरचं बांडगूळ तर सर्वांच्याच शिव्या खातं. पण पांढऱ्या पंखांवर पिवळा-लाल रंग मिरवणाऱ्या जेझबेलची पिढी त्याच बांडगुळावर वाढते. आणि टाकीखालचा तो गळका नळ, ज्याची तक्रार सेक्रेटरींच्या वहीत कायम पुढे ढकलली जाते, त्याच्याखालच्या चिखलात नर फुलपाखरं क्षार शोषायला जमतात. नळ दुरुस्त करू नये असं कोणी म्हणणार नाही. चिखल तेवढा दुसरीकडे करून द्यावा.

हल्ली मोठे प्रकल्प माहितीपत्रकातच ‘बटरफ्लाय गार्डन’ छापतात. प्रत्यक्षात तिथे पेंटास, झिनिया, एक्झोरा असा फुलांचा रंगीत थाट असतो. फुलपाखरं येतात, मध पितात, निघून जातात. जेवणाची सोय आहे, बाळंतपणाची नाही, अशा सासरी कोणती लेक टिकेल? काही ठिकाणी हौसेने हळदीकुंकू नावाचं लाल-पिवळ्या फुलांचं झुडूप लावतात. तेही मिल्कवीडच, प्लेन टायगर त्यावर खुशाल अंडी घालतं, पण ते मूळचं उष्ण अमेरिकेतलं. गंमत म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागात आज मोनार्कप्रेमीच ते लावू नका म्हणतात, कारण तिथे ते हिवाळ्यातही हिरवं राहतं आणि त्यावर मोनार्कला ग्रासणारा एक परजीवी साचत जातो. दाराशी फुकटची रुई असताना आपण तरी कुंडीचे पैसे का मोजावेत?

देशी झाडं लावली की काय होतं ते बघायला परदेशी जावं लागत नाही. ठाण्याला घोडबंदर रोडवर ओवळ्याला राजेंद्र ओवळेकरांनी आपल्या दोन एकरांच्या वाडीत अळ्यांची खाद्यझाडं आणि मधाची झाडं अशी दोन्ही वाढवली. तिथे फुलपाखरांच्या शंभरावर जाती नोंदल्या गेल्या आणि रविवारी लोक रांगा लावून बघायला येऊ लागले. नाशिकमध्ये सातपूरच्या फाशीच्या डोंगरावर शेखर गायकवाड यांच्या ‘आपलं पर्यावरण’ संस्थेने २०१५ च्या पर्यावरण दिनी लोकांना हाताशी धरून हजारो देशी रोपं लावली. आता ती जागा ‘देवराई’ म्हणून ओळखली जाते. त्याच वर्षी महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू जाहीर केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. ब्लू मॉर्मनची अळी लिंबाच्या कुळातली पानं खाते, तेव्हा गच्चीवरच्या लिंबावरची पुढची अळी चिमट्यात धरण्याआधी ती राजशिष्टाचारात बसते की काय, एवढं बघून घ्यावं.

नाशिककर झाडांच्या बाबतीत थंड आहेत असं मात्र कोणी म्हणू नये. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्याचा विषय २०२५ च्या अखेरीस निघाला तेव्हा लोक रस्त्यावर आले, झाडांना मिठ्या मारल्या, सभा घेतल्या. वडाला, चिंचेला, कडुनिंबाला मिठी मारता येते. रुईला मिठी मारायची सोय नाही, चीक लागतो. म्हणून तिच्यासाठी आंदोलन होत नाही आणि ती प्रत्येक महिन्याला, कुठलीही नोटीस न लागता, तुटते.

चिकाचा मुद्दा गंभीरपणे घ्यायला हवा, कारण सभेत तो निघणारच. रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. तेव्हा घसरगुंडीजवळ ती नको. पंपहाऊसच्या मागची, ट्रान्सफॉर्मरच्या बाजूची, जिथे नाहीतरी जुन्या फरश्या रचून ठेवलेल्या असतात ती उन्हाची पट्टी तिच्यासाठी उत्तम. सोबत एक कढीपत्ता, एक लिंबू, भिंतीवर कृष्णकमळ आणि खुळखुळ्याची चार रोपं. प्लेन टायगरचे नर या खुळखुळ्याच्या सुकलेल्या फांद्यांना खरवडून त्यातला रस शोषतात आणि त्यापासून मादीला भुलवणारा वास तयार करतात. त्या पट्टीत फवारणी नाही, एवढं एक वाक्य पेस्ट कंट्रोलच्या करारात घालायचं.

देशभरातले फुलपाखरूप्रेमी २०२० पासून सप्टेंबर हा ‘बिग बटरफ्लाय मंथ’ म्हणून पाळतात, दिसलेल्या फुलपाखरांच्या नोंदी करतात. सर्वसाधारण सभाही सप्टेंबरातच. तेव्हा थकबाकीदारांची यादी वाचून होईपर्यंत मागच्या रांगेतल्या मुलांना खाली पाठवून पानं उलटी करायला सांगावं. रुई नसेलच, तर तिची बोंडं उन्हाळ्यात तडकतात, रेशमी तंतूंवर बिया वाऱ्याने उडत गॅलरीत येतात. त्यातल्या मूठभर जपून जूनच्या पहिल्या पावसानंतर भिंतीकडेला टाकायच्या. खर्च शून्य, त्यामुळे खजिनदारांची सही लागत नाही, कोटेशन मागवावं लागत नाही. एवढंच करायचं की पुढच्या महिन्यात कोयता घेऊन माळीमामा आले की त्यांच्यासोबत भिंतीपर्यंत चालत जायचं आणि रुईकडे बोट दाखवून सांगायचं, ‘मामा, हिला राहू द्या.’